सुनंदा, मोठीला मी काय सांगू?

रविवारी संध्याकाळी आपण दोघं गॅलरीत बसून वाल सोललेले. मोड आलेले वाल तू कोमट पाण्यात टाकलेस, परात मधे ठेवलीस आणि म्हणालीस, "टीव्ही बंद करा आणि हात चालवा." चालवले मी. माझ्या हातून डाळिंब्या मोडत होत्या, तू मोडलेल्या वेगळ्या काढत होतीस आणि मधून मधून माझ्याकडे अशी बघत होतीस जसा काही मी मुद्दाम मोडतोय. अगं, कारखान्यात बॉयलरवर जन्म काढलेला माणूस मी, माझ्या बोटांना वालाची साल काय कळणार? तसं बोललोसुद्धा. तू म्हणालीस, "दाबताय कशाला? नुसतं धरा. सुटतं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात घेऊन तू पलंगाच्या कडेला बसलीस. मी स्वयंपाकघरात माझा कप ओतत होतो. बाहेर आलो तर तू गेलेली. कप सांडला पण नव्हतास. मांडीवर नीट धरलेला.

आता लोक येतात, चटईवर बसतात, आणि विचारतात, "शेवटचं काय बोलल्या वहिनी?" मी सांगतो, वाल कसे सोलायचे ते बोलली. त्यांना आवडत नाही. त्यांना काहीतरी देवाधर्माचं हवं असतं. एक बाई तर म्हणाल्या, "आठवून बघा, अजून काही बोलल्या असतील." म्हटलं, हो, टीव्ही बंद करा म्हणाली.

पण खरं सांगू, वाल सोलताना आपलं भांडण चाललेलं, आणि ते अर्धंच टाकून तू गेलीस, याचा मला जास्त राग आहे. मरायला हरकत नव्हती, वय झालेलं. भांडण पूर्ण करून जायचं. मी सातवी शिकलेला माणूस, एवढं पानभर लिहितोय तो त्यापायीच. शुद्धलेखन वंदना बघेल. आपली पोरगी ठाण्याहून आल्यापासून माझं सगळंच सुधारतेय, हेही सुधारेल.

भांडण मोठीवरून होतं. मंगळवारी तिची साक्ष होती.

वाचणाऱ्यांना सांगायला हवं. मोठी म्हणजे नऊ वर्षांची पोर. तिचं खरं नाव मी लिहीत नाही, तू कधी घरात पण घेऊ दिलं नाहीस. पहिल्यांदा आपल्याकडे आली तेव्हा तू विचारलंस, "तुला काय हाक मारू?" तर धाकट्या भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "तो छोटा. मी मोठी." झालं, तेव्हापासून मोठी. कुठलं कोर्ट तेही लिहीत नाही. तूच म्हणायचीस, कोर्टावरून गाव कळतं, गावावरून चाळ, चाळीवरून पोर. मला तेव्हा अती वाटायचं. आता चटईवर बसलेल्या लोकांचे प्रश्न ऐकतो ना, तेव्हा कळतं. "ती अमक्या गावची केस का हो?" असं एकाने तुझ्या फोटोपुढे फुलं ठेवता ठेवता विचारलं. तुझ्या फोटोपुढे!

म्युनिसिपालटीच्या बालवाडीतून रिटायर झालीस तेव्हा मला वाटलेलं आता बाई घरात बसेल, आपण खडवलीला जाऊ, नदीवर बसू. तू कुठली बसतेस. एका संस्थेचं ट्रेनिंग घेतलंस आणि ज्यांच्याशी कुणी मोठ्या माणसाने नको ते केलं असल्या केसमधल्या पोरांबरोबर कोर्टात जायला लागलीस. कागदावर काहीतरी मोठं नाव आहे त्या कामाचं, मी म्हणायचो सोबतीण. मला वाटलेलं पोरांना बिस्किट द्यायचं, पाणी पाजायचं, घरी यायचं. मग एकदा तू जेवता जेवता सांगितलंस. पोराने आधी आईला सांगायचं. मग पोलिसाला. मग डॉक्टरला. मग मॅजिस्ट्रेटला. मधे आत्या येते, मावशी येते, शाळेतल्या बाई दार लावून विचारतात, शेजारीण भाजी द्यायच्या निमित्ताने येते. आणि हे सगळं झाल्यावर परत कोर्टात पहिल्यापासून. "एकदा त्याने केलं," तू म्हणालीस, "आणि बाकीच्या वेळा आपण." माझा घास तिथेच राहिला. आणि तू आपली ताक मागतेयस.

आपल्या घरात म्हणून नियम होता. पोरांना काय झालं ते विचारायचं नाही. बिचारी म्हणायचं नाही. मिठी-बिठी आपणहून मारायची नाही. आणि खोटं बोलायचं नाही, साधं साधं पण नाही. आईसक्रीम संपलं म्हणून सांगायचं नाही, आहे पण आज मिळणार नाही असं सांगायचं. मला तोंडपट्टी लावल्यासारखं व्हायचं. आणि एक, पोरीने मला आजोबा म्हणायचं नाही. कारण तो, ज्याने केलं तो, चाळीत सगळ्या पोरांचा आजोबा होता. म्हणून या वयात मी काका झालो. दूधवाला हसायचा.

त्या आजोबाबद्दल फार लिहायला नको. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, चाळीच्या गणपतीची आरती तोच म्हणणार. जामिनावर सुटून आला आणि परत आरती म्हणायला लागला. आणि मोठीच्या आईने पोरं उचलली, लांब भाड्याची खोली घेतली, तिथल्याच एका पॅकिंग कंपनीत कामाला लागली. करणारा जागच्या जागी, आणि शाळा बदलली पोरीने. यावर मी ओरडायला लागलो की तू म्हणायचीस, "ओरडू नका, ती आत झोपलीये." तू कधी ओरडली नाहीस. ते मला अजून समजत नाही. एवढा राग कुठे ठेवत होतीस? तिथेच ठेवला असणार, डॉक्टर म्हणाले ना, छातीत.

मागच्या तारखेला मी पण आलेलो, तुझा गुडघा सुजलेला म्हणून डब्याची पिशवी घेऊन. मोठीची आजी नातीला घेऊन बाकड्यावर बसलेली. तिच्या वडिलांची आई ती. तू बाटली भरायला गेलीस, मी जिन्यात होतो. तेवढ्यात तो त्याच्या वकिलाबरोबर समोरून आला. आणि आजी उठली. सवयीने पदर डोक्यावर घेतला, पोरीच्या पाठीला हात लावला आणि म्हणाली, "अगं, आजोबा आले. पाया पड."

आयुष्यभर हेच केलेलं त्या म्हातारीने. मोठं माणूस आलं की उठायचं, पोरांना वाकवायचं. तोंडातून निघून गेलं. आणि मोठी वाकली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "सुखी राहा."

मी जिन्यातून वर येईपर्यंत होऊन गेलेलं. आजी स्वतःच्या तोंडात मारून घेत होती, "जीभ झडली नाही माझी, जीभ झडली नाही." मोठी बाकड्यावर बसली ती खाली फरशीकडे बघत. आत गेल्यावर जज मॅडमने किती गोड बोलून विचारलं, शाळेचं नाव विचारलं, आवडती भाजी विचारली. फरशी. बाहेर त्याचा वकील कुणाला तरी सांगत होता, मुद्दाम आपल्याला ऐकू येईल असं, "जिला एवढा त्रास झाला ती कशाला पाया पडेल हो?" आणि पुढची तारीख.

मला वाटलेलं तू आता आजीला झोडशील. तू तिच्या शेजारी बसून डबा उघडलास. अर्धी पोळी तिला दिलीस. मी घरी येऊन तुला म्हटलं, "तिला का नाही बोललीस? सगळी केस घालवली तिने." तू म्हणालीस, "ती घरी जाऊन रडणारच आहे. मी अजून काय करू तिला?"

पण मोठीला मात्र सांगितलंस. कुणाच्याच पाया पडायचं नाही. देवाच्या वाटलं तर पड, माणसाच्या नाही. "तुमच्या पण नाही?" "माझ्या पण नाही." तिला ते इतकं आवडलं की आपल्याकडे आली की दारातूनच ओरडायची, "बाई, मी पाया पडणार नाही!" आणि तू आतून, "नकोच!" समोरच्या जोशीकाकू दार उघडून बघायच्या, कसले संस्कार म्हणून. बघू देत.

मग तू सरकारी वकीलबाईंच्या मागे लागलीस. चांगली बाई आहे ती, पण कामाने पिचलेली. पोरीला मागच्या गेटने आणायचं, वेगळ्या खोलीत बसवायचं, तो आत आल्यावर पडद्याआड थांबेल आणि मगच पोरीला आणायचं. हे सगळं कायद्यात आहे म्हणे. कायद्यात हेही आहे म्हणे की पोराला पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. मग बोलवतात कशाला, विचारलं तर तू म्हणालीस, "कायद्याला पाय नसतात, कुणीतरी न्यावा लागतो." बरं, तर न्यायला तू. गुडघा धरून.

गेल्या आठवड्यात कोर्ट उठल्यावर वकीलबाईंनी आपल्याला आत सोडलं. तू दर वेळी हे करायचीस, आधी जाऊन पोराच्या खुर्चीत बसून बघायचीस. या वेळी गुडघ्यामुळे मला बसवलंस. "अजून खाली सरका. एवढी उंच नाही ती." मी सरकलो, कंबर कडाकड वाजली. पट्टेवाला दारात उभा राहून मजा बघत होता.

तू पडद्यामागे जाऊन उभी राहिलीस, जिथे तो उभा राहणार तिथे. "काय दिसतं?"

"पडदा."

"अजून?"

"अजून काय? पडदा दिसतो, खाली तुझे पाय दिसतात."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. पोरीने वाकून जे पाय धरले, तेच पाय तिला पूर्ण वेळ समोर दिसणार. मोठ्या माणसाच्या उंचीवरून पडदा अगदी बरोबर होता. कुणी खुर्चीत घसरून बसून बघितलंच नव्हतं.

घरी येऊन तू माझी हिरवी चादर काढलीस. माझी, जी मी उन्हाळ्यात पांघरतो. मशीनवर बसून पडद्याला खालून जोडायची पट्टी शिवलीस. वकीलबाईंनी जज मॅडमची परवानगी घेतली, पट्टी लावायला गेलो तेव्हा पट्टेवाला तरी पण म्हणाला, "बाई, हे सरकारी सामान आहे." तू म्हणालीस, "मग सरकारला म्हणावं लांब शिवून दे." टाचण्या तोंडात धरून म्हणालीस, त्यामुळे त्याला अर्धं कळलं, पण त्याने गुपचूप स्टूल आणून दिलं.

आता रविवारचं भांडण. मी म्हटलं, "सोडून दे हे सगळं. पोरगी आता हसते, अभ्यास करते, छोट्याला मारते. विसरू दे तिला. कशाला परत उकरतेस?"

तू म्हणालीस, "विसरत नाहीत अहो. गप्प बसतात. तुम्हाला दोन्ही सारखंच दिसतं."

"मग बोलून काय होणार? तो सुटला तर?"

"सुटेल कदाचित."

"मग तिला काय सांगणार? बोल, आणि तो सुटेल कदाचित?"

"विचारलंन तर तेच सांगणार."

मी चिडलो. म्हटलं, अगं, थोडा धीर द्यावा पोरीला. सांगावं, तू बोललीस की सगळं नीट होईल. बाकीची पोरं बोलून मोकळी झाली म्हणावं. तू वालाची साल काढत म्हणालीस, "असं सांगायला मी कोण? नीट होईल हे मला माहीत नाही." मी म्हटलं, "मग तू तिच्या भल्यासाठी तिला कोर्टात नेतेस की तुझ्या हट्टासाठी?"

हे मी बोललो. तू परात उचललीस, म्हणालीस, "भाजी टाकते. बाकीचं उद्या बोलू."

उद्या बोलू म्हणालीस ना? बोलायचं होतंस.

सोमवारी दुपारी तुला नेलं. मुलगा नाही म्हणून अग्नी मीच दिला. गुरुजी म्हणाले, अग्नी देणाऱ्याने क्षौर करायचं, बसलो न्हाव्यापुढे. मिशी पण गेली. तुला ती मिशी आवडत नव्हती, शेवटी तुझ्याच पायी गेली. घरी येऊन आरशात बघितलं तर कुणी भलताच म्हातारा उभा.

चटईवर बसलो तेवढ्यात मोठीच्या आईचा फोन. तिला कुणीतरी कळवलेलं. रडत होती. "काका, उद्याचं काय करू? ती बाईंशिवाय आत जाणार नाही." मग वकीलबाईंचा फोन. म्हणाल्या, पुढची तारीख मागते, पण कधीची मिळेल सांगू शकत नाही, आणि जज मॅडमची बदली होणार असं ऐकते. नवीन माणसापुढे नव्याने सगळं. मग म्हणाल्या, "काका, मुलीचा ज्याच्यावर विश्वास आहे असं माणूस बरोबर बसू शकतं. तुम्ही... नाही, मी विचारायला नको होतं."

मी येतो म्हटलं.

तुझा भाऊ उखडला. "दाजी, चिता विझली नाही अजून. कर्त्याने घर सोडायचं नसतं. आणि सुतकात कोर्टात?"

"कोर्टात काय सत्यनारायण आहे?"

"लोक काय म्हणतील?"

"बायको मेली म्हणतील. मेलीच आहे."

वंदना मधे पडली म्हणून थांबलं. पण सगळ्यात मोठा घोळ वेगळाच होता. मोठीला सांगायचं काय? तिच्या आईने सांगून टाकलेलं, बाईंना ताप आलाय. वकीलबाई म्हणाल्या, आत जायच्या आधी अजिबात सांगू नका, पोरगी कोसळेल, साक्ष होऊ दे, मग सांगू. वंदना म्हणाली, "बाबा, एक दिवसाचा तर प्रश्न आहे, तिच्या भल्याचंच आहे." तुझ्या भावाने, रागात होता तरी, स्वतःची पांढरी टोपी आणून दिली. "ही घाला. डोकं बघून घाबरेल पोरगी."

सगळे चांगले लोक गं. एकजण वाईट नव्हता त्यात. मी हो म्हटलं. टोपी घेतली. ताप आलाय, गोळी घेऊन झोपलीये, असं मनात दोन-तीनदा म्हणून पण बघितलं. तुझा फोटो अजून भिंतीवर लागलेला नव्हता, त्यामुळे सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनाने रिक्षा आणली. मागच्या गेटने गेलो. त्या छोट्या खोलीत मोठी आईबरोबर बसलेली, दोन वेण्या, निळा फ्रॉक. मला बघून पहिलं काय म्हणाली, "काका, तुमची मिशी कुठे गेली?"

म्हटलं, काढली.

"बाई कुठायत?"

तिची आई माझ्याकडे बघायला लागली. वकीलबाई कागद चाळायला लागल्या. आई म्हणाली, "सांगितलं ना बाळा, ताप आलाय."

"पाय सुजलेला तरी आलेल्या." मग ती माझ्या टोपीकडे बघत राहिली. जरा वेळाने हळू म्हणाली, "माझे आबा वारले तेव्हा पप्पांनी पण अशीच टोपी घातलेली."

आणि खाली बघायला लागली. फरशीकडे.

सुनंदा, ती काही विचारत नव्हती. तिला कळलेलं. आणि आम्ही तीन मोठी माणसं तापाचं सोंग घेऊन उभी होतो, तर ती पोर ते सोंग आमच्यासाठी सांभाळून घेणार होती. तिला सवय होती ना. मोठ्या माणसाने सांगितलं हे कुणाला बोलायचं नाही, की पोटात ठेवायचं. त्याने तेच शिकवलेलं. आणि आता आम्ही, भल्यासाठी, तिला अजून एक गुपित पोटात घालून आत पाठवत होतो. पोटातलं बोल म्हणून सांगायला!

मी टोपी काढली. तिच्यासमोर खाली बसलो, गुडघे वाजले तर वाजू देत.

"बाई गेली," म्हटलं. "काल सकाळी. ताप नव्हता. तुझी आई घाबरली म्हणून तसं बोलली. मी पण तसंच बोलणार होतो."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका!"

"थांबा तुम्ही जरा."

मोठी माझ्या डोक्याकडे बघत होती. "दुखलं त्यांना?"

"मला माहीत नाही. मी स्वयंपाकघरात होतो. ओरडली नाही."

मग ती रडली. चांगली मोठ्याने, खोलीभर. तिची आई तिला गप्प करायला पुढे झाली, मी हात आडवा केला. वकीलबाई घड्याळ बघत होत्या, मग त्यांनी पण घड्याळ बघायचं सोडलं. पट्टेवाला डोकावला, त्याला बाहेर थांब म्हटलं.

रडून झाल्यावर आईच्या ओढणीला नाक पुसलं आणि मला विचारलं, "मी आज बोलावं असं बाईंना वाटलं असतं का?"

अगं, काय सोपं होतं ते! सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. एक हो म्हटलं असतं की पोरगी उठून आत गेली असती. बाईची शेवटची इच्छा होती म्हणावं, मेलेलं माणूस खोटं पाडायला येत नाही. माझ्या जिभेच्या टोकावर आलेलं. पण ती तुझ्यासाठी आत गेली असती. आधी आजीसाठी वाकली, आता तुझ्यासाठी बोलली असती.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "आम्ही रविवारी यावरूनच भांडत होतो. भांडण पुरं झालं नाही."

"तुम्ही भांडायचात?"

"रोज."

तिला जरासं हसू आलं, नाकातून शेंबडाचा फुगा आला. परत पुसलं. मी म्हटलं, "तुला नको असेल तर आज नको. कुणी रागावणार नाही, रागावलं तर मी बघतो. बोलायचं असेल तर आई बसेल, मी मागे बसेन. तो पडद्याआड असेल. बोलल्यावर काय होईल ते मला सांगता येत नाही. ठरव तू."

"आज नाही बोलले तर परत कधी यायचं?"

वकीलबाई पटकन म्हणाल्या, "लवकरच बाळा, अगदी लवकर." मी त्यांच्याकडे बघितलं. त्या थांबल्या. मग तिच्याजवळ येऊन वाकल्या आणि म्हणाल्या, "नाही. खरं सांगते, मला माहीत नाही. उशीर पण होईल."

मोठीने विचार केला. किती वेळ ते मला माहीत नाही, मला फार वाटला. आयुष्यात एवढा वेळ तोंड मिटून मी कधी बसलो नव्हतो, तुझ्यासमोर पण नाही. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती.

मग ती उठली. फ्रॉक मागून झटकला. आईला म्हणाली, "पाणी दे." प्यायली. वकीलबाईंना म्हणाली, "मी हळू बोलले तर चालेल?"

"चालेल," त्या म्हणाल्या.

"मधेच थांबले तर?"

"थांबायचं. मी जज मॅडमना सांगेन."

मग माझ्याकडे वळली. "काका, उठता येतं ना? की हात देऊ?"

तिने हात पुढे केला. मी धरला, उठलो. टोपी खिशात कोंबली आणि तिच्या मागून आत गेलो.